निदान एक सलाईन तरी लावा

कॅन्सरचा पेशंट घरी आणलेला असतो. ‘आता इथं ठेवून उपयोग नाही, घरी न्या, मागतील ते खायला द्या,’ असं मोठ्या दवाखान्यानं सांगितलेलं असतं. काही दिवसांत खाणं सुटतं, मग चमच्यानं दिलेलं पाणीही ओठांच्या कडेनं बाहेर येऊ लागतं. अशा वेळी घरातलं कोणीतरी, बहुधा परगावाहून नुकताच येऊन पोचलेला मुलगा नाहीतर जावई, फॅमिली डॉक्टरांना म्हणतो, ‘‘डॉक्टर, निदान एक सलाईन तरी लावा.’’ डॉक्टर लावतात. बाटली खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधली जाते, नळीत थेंब पडू लागतात आणि घरात सगळ्यांना जरा बरं वाटतं.

सगळ्यांना म्हणजे नेमकं कोणाला? अंथरुणावरच्या माणसाला वाटतं का? हा प्रश्न वैद्यकशास्त्रानं पेशंटच्या घरी जाऊन, नीट मोजमाप घेऊन विचारला तो २०१३ साली छापून आलेल्या एका चाचणीत. सलाईन त्याआधी जवळजवळ १८० वर्षं माणसांच्या शिरांतून वाहत होतं. ती बाटली शेवटच्या खाटेपाशी कशी पोचली आणि तिला जाब विचारायला एवढा उशीर का झाला, याचा हा मागोवा.

सुरुवात कॉलऱ्यापासून करावी लागते. बंगालातून निघून रशिया आणि युरोप तुडवत आलेली कॉलऱ्याची साथ १८३१ च्या अखेरीस इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, संडरलंडला उतरली. त्या वेळच्या डॉक्टरांचे उपाय म्हणजे शीर तोडून रक्त काढणं आणि पाऱ्याचं औषध देणं. जुलाबांनी आधीच कोरड्या पडलेल्या माणसाचं आणखी रक्त काढायचं! विल्यम ब्रुक ओ’शॉनेसी नावाचा बाविशीतला आयरिश डॉक्टर तिथं गेला. त्यानं रोग्यांचं रक्त रासायनिक पद्धतीनं तपासलं आणि साधी गोष्ट सांगितली: रक्तातलं पाणी आणि क्षार निघून गेले आहेत, ते परत घालायला हवेत. त्यानं स्वतः ते माणसावर करून पाहिलं नाही. ते धाडस केलं स्कॉटलंडमधल्या लीथ बंदराच्या टॉमस लाटा या डॉक्टरनं, १८३२ च्या मे महिन्यात.

लाटाची पहिली रोगी एक म्हातारी बाई होती. बाकीचे सगळे उपाय संपले होते, ती शेवटच्या घटका मोजत होती, म्हणूनच तिची निवड झाली. कोपराजवळच्या शिरेत नळी घालून लाटानं मिठाचं पाणी थोडं थोडं सोडायला सुरुवात केली. बराच वेळ काहीच फरक दिसेना. मग श्वास सुधारला, आत गेलेले डोळे उजळले, गार पडलेलं अंग गरम होऊ लागलं. अर्ध्या तासात सहा पिंट, म्हणजे सुमारे तीन लिटर पाणी गेलं आणि बाई खणखणीत आवाजात बोलू लागली. आता फक्त जराशी झोप मिळाली की झालं, असं तिचं म्हणणं होतं. लाटानं तिला दवाखान्याच्या सर्जनच्या हवाली केलं आणि तो निघून गेला. जुलाब-उलट्या पुन्हा सुरू झाल्या, पाणी पुन्हा कोणी दिलं नाही, आणि साडेपाच तासांत ती गेली.

हा प्रसंग ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला आणि आजही वैद्यकीय इतिहासाच्या पुस्तकांतून सांगितला जातो. मला त्यातली एकच गोष्ट पुढच्या कथेसाठी महत्त्वाची वाटते. मेल्यातच जमा असलेलं माणूस सलाईननं उठून बसतं, हे दृश्य पाहणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर घडलं होतं. असं दृश्य एकदा पाहिलं की ते औषध कुठल्या आजारावर होतं, हा तपशील मागे पडतो आणि मरणाच्या दारातून ओढून आणण्याची ताकद तेवढी लक्षात राहते. कॉलऱ्यात शरीर धडधाकट असतं, फक्त पाणी गेलेलं असतं. कॅन्सरच्या शेवटी शरीरच मिटत चाललेलं असतं आणि पाण्याची गरज त्याच्याबरोबर कमी होत जाते. दोन्हीकडे जीभ कोरडी, डोळे खोल. वरून दिसायला एकच, आत अगदी उलट.

लाटा १८३३ मध्ये क्षयानं वारला आणि त्याची रीत त्याच्याबरोबर बाजूला पडली. पाणी निर्जंतुक नसे, सुईतून जंतू शिरत, आणि पद्धत वापरली जाई ती जवळजवळ गेलेल्यांवरच, त्यामुळे मेलेल्यांची यादी लांब होणारच. ओ’शॉनेसी त्याच वर्षी ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत कोलकात्याला आला. इथं त्यानं दोन मोठी कामं केली. १८५० च्या दशकात कोलकाता, आग्रा, मुंबई, मद्रास जोडणाऱ्या तारायंत्राच्या लाइनी त्याच्या देखरेखीखाली उभ्या राहिल्या. मुंबईच्या तारेमागचा माणूस आणि सलाईनमागचा माणूस एकच, हे फारसं कोणाला माहीत नसतं. दुसरं काम गांजाचं. इथले वैद्य-हकीम गांजा औषध म्हणून वापरत होते. ते पाहून ओ’शॉनेसीनं प्राण्यांवर आणि मग रोग्यांवर त्याच्या चाचण्या घेतल्या आणि १८३९ मध्ये त्या मांडल्या. त्यात पिसाळलेला कुत्रा चावलेला एक रोगी आहे. पाण्याचं नाव काढलं तरी त्याचा घसा आवळत होता. गांजाच्या अर्कानं त्याला संत्र्याचा रस चोखता आला, ओला भात गिळता आला. तो मेलाच, वाचणार नव्हताच. पण शेवटचे दिवस बरे गेले, हे ओ’शॉनेसीनं मुद्दाम नोंदवलं. न वाचणाऱ्या माणसाला औषधानं काय मिळालं, हे मोजण्याचा इतका जुना दाखला सलाईनच्याच जनकाच्या हातून, कोलकात्यात लिहिला गेला. पुढची शंभरेक वर्षं ही नजर कोणी फारशी वापरली नाही.

सलाईन मात्र पुढे गेलं. इटलीत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कॉलऱ्याच्या साथीत आर्नाल्दो कांतानी कातडीखाली मिठाचं पाणी सोडत होता. ही कातडीखालची रीत लक्षात ठेवावी, तिला पुढे कामाला यायचं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलकात्यात लिओनार्ड रॉजर्सनं जास्त मिठाचं सलाईन शिरेतून देऊन कॉलऱ्याची मृत्युसंख्या निम्म्याच्या आसपास आणली. त्याच सुमारास शिकागोचा सर्जन जॉन मर्फी गुदमार्गे थेंबथेंब सलाईन देत होता, आणि परिचारिकांच्या तोंडी ‘मर्फी ड्रिप’ हे नाव रुळलं. सलाईन लावलं की अनेकदा थंडी वाजून ताप भरे. फ्लॉरेन्स सायबर्ट या अमेरिकन संशोधक बाईंनी १९२३ मध्ये त्याचं कारण शोधलं: उकळलेल्या पाण्यातही मेलेल्या जंतूंचे अंश उरतात आणि ताप त्यांचा असतो. १९३१ मध्ये बॅक्स्टर कंपनीनं कारखान्यात भरलेली, सीलबंद काचेची बाटली बाजारात आणली. त्यानंतर सलाईन लावायला धाडस लागेनासं झालं.

मग ते सगळ्यावर चालू लागलं. ऑपरेशन, बाळंतपण, ताप, अशक्तपणा. आपल्याकडे तर ‘ताकदीची बाटली’ हा वेगळाच प्रकार रूढ झाला. तिचा हिशोब एकदा घालावा. साध्या सलाईनच्या ५०० मिलीच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं, ऊर्जा शून्य. ग्लुकोजची म्हणतात त्या पाच टक्क्यांच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर, म्हणजे १०० कॅलरींहूनही कमी. एक पोळी आणि वर पाव चमचा तूप एवढ्यानं तिच्यावर मात होते. आणि ज्या कॉलऱ्यानं सलाईनला मोठं केलं, त्या कॉलऱ्यानंच १९७१ मध्ये त्याची मर्यादाही दाखवली. बांगलादेशाच्या निर्वासितांच्या बोनगावच्या छावणीत बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी तोंडानं पाजायला लावलं आणि ३० टक्क्यांवरचं मृत्युप्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं. तरी लोकांच्या मनातला बाटलीचा मान तसूभर उतरला नाही.

इकडे मरणाऱ्यांचा विचार वेगळा चालू झाला होता. लंडनमध्ये सिसिली साँडर्स या आधी नर्स, मग वैद्यकीय समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर झालेल्या बाईंनी १९६७ मध्ये सेंट ख्रिस्टोफर्स हॉस्पिस, म्हणजे मरणाऱ्यांचा त्रास कमी करणारं रुग्णालय, उघडलं. दोनच वर्षांत तिथली पथकं लोकांच्या घरी जाऊ लागली, कारण बहुतेकांना मरायचं होतं घरी. साँडर्सबाईंचा मोठेपणा त्यांच्या करुणेत शोधला जातो. मला तो त्यांच्या वहीत जास्त दिसतो. १९५८ पासून सेंट जोसेफ्स या हॉस्पिसमधल्या रुग्णांच्या नोंदी त्या ठेवत आल्या होत्या: कुठलं दुखणं, किती औषध, किती तासांनी, काय फरक. मरणाऱ्या माणसाचंही दुखणं मोजता येतं आणि मोजल्याशिवाय त्याच्यावर उपचार म्हणजे अंदाजपंचे, हे त्यांनी गृहीत धरलं होतं.

त्यांच्याकडे आलेल्या रॉबर्ट ट्वायक्रॉस या तरुण डॉक्टरनं तेच पुढे नेलं. इंग्लंडात तेव्हा अशी समजूत होती की कॅन्सरच्या वेदनेवर साध्या मॉर्फिनपेक्षा हेरॉइन, म्हणजे डायमॉर्फिन, सरस. सगळे मुरलेले डॉक्टर तसं सांगत. ट्वायक्रॉसनं हॉस्पिसच्या रुग्णांत दोन्हींची तुलना केली आणि १९७७ मध्ये निष्कर्ष छापला: डोस नीट जुळवला तर फरक दिसत नाही. निकालाइतकंच महत्त्व अशी चाचणी होऊ शकते याला होतं. शेवटच्या अवस्थेतल्या माणसांनी चाचणीत भाग घेतला आणि कोणावर अन्याय झाला नाही. ‘मरणाऱ्या माणसावर कसले प्रयोग करता?’ हा प्रश्न ऐकायला माणुसकीचा वाटतो. पण न तपासलेलं औषध देणं हाही प्रयोगच असतो, फक्त त्याची नोंद होत नाही.

सलाईनची पाळी यायला मात्र वेळ होता. १९८३ मध्ये जॉइस झर्वेख या अमेरिकन नर्सबाईंनी परिचारिकांच्या एका मासिकात लेख लिहिला. हॉस्पिसमध्ये काम करताना त्यांनी पाहिलं होतं की पाणी कमी झालेल्या रुग्णांना खोकला कमी, उलट्या कमी, लघवीसाठी उठवावं लागत नाही, घशातली घरघर कमी. ज्यांना सलाईन चालू असतं, त्यांचे पाय सुजतात, छाती भरते. मग शेवटी पाणी देणं म्हणजे आराम की त्रास? डॉक्टरांच्या आधी हा प्रश्न नर्सनं विचारला यात नवल नाही. रात्री चादर बदलणारी तीच असते.

१९९४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका उपचारगृहात ३२ रुग्णांचं बारीक निरीक्षण झालं. बरे न होणारे, पण शुद्धीवर असलेले आणि आपल्याला काय वाटतं ते सांगू शकणारे हे लोक होते. ३२ पैकी २० जणांना शेवटपर्यंत भूक लागलीच नाही. सुमारे ६२ टक्क्यांना एकतर तहान लागली नाही, किंवा सुरुवातीलाच तेवढी लागली. उरलेल्यांची तहान आणि तोंडाचा कोरडेपणा थोडासा घोट, बर्फाचा खडा, ओठ ओले करणं एवढ्यानं भागला. तोंड कोरडं पडतं ते उघड्या तोंडानं श्वास घेतल्यानं, मॉर्फिननं, जिभेवर बुरशी धरल्यानं. शिरेतून लिटरभर पाणी घातलं तरी जीभ ओली होईलच असं नाही. ओल्या कापडानं होते.

आपल्याकडे शेवटच्या घटकेला तोंडात गंगाजल आणि तुळशीचं पान ठेवतात. पूर्वजांना सगळं माहीत होतं, असं म्हणायचा मोह इथं होतो आणि तो आवरावा. गंगाजल एकदा घालतात आणि ते पुढच्या वाटेसाठी असतं. तोंड ओलं ठेवायचं ते दर एक-दोन तासांनी, रात्रीसुद्धा, आणि ते या वाटेसाठी. निर्जंतुक कापडाची घडी किंवा कापूस बोटाला गुंडाळून, कोमट पाण्यात पिळून, गालांच्या आतून आणि जिभेवरून हलकेच फिरवायचा. पेशंटचं डोकं थोडं वर आणि एका कुशीला, म्हणजे थेंब श्वासनळीत जाणार नाही. मग ओठांना साजूक तूप किंवा खोबरेल. केरळात १९९३ मध्ये कोझिकोडला डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेल्या कामातून घरोघरी जाणाऱ्या नर्स आणि स्वयंसेवकांची जी फळी उभी राहिली, तिनं घरच्या माणसांच्या हाती शिकवून दिलेली पहिली कामं अशीच होती. औषध नर्स देईल. तोंड तुम्ही पुसा.

पण कथेला दुसरी बाजू होती आणि ती कॅनडातून आली. अर्जेंटिनात वाढलेले एडवार्दो ब्रुएरा हे कॅन्सरतज्ज्ञ १९८४ मध्ये एडमंटनला आले. त्यांच्या वॉर्डात शेवटच्या दिवसांत अनेक रुग्णांना भ्रम होत असे: बरळणं, अंगाला झटके, नसलेली माणसं दिसणं. ब्रुएरांचा कयास असा, की शरीरात पाणी कमी झालं की मॉर्फिनपासून बनलेले घटक मूत्रपिंडातून बाहेर पडत नाहीत, साठतात, आणि भ्रम त्यांचा असतो. पाणी दिलं तर ते धुऊन निघतील. इटलीच्या कांतानीची कातडीखालची रीत मधल्या काळात, विशेषतः १९५० च्या दशकात चुकीच्या द्रावणांमुळे बदनाम झाली होती. ती त्यांनी पुन्हा काढली. पोटाच्या किंवा छातीच्या कातडीखाली छोटी फुलपाखरी सुई टोचायची आणि पाणी हळूहळू मुरू द्यायचं. शीर शोधायला नको, दवाखाना नको, घरीही जमतं. झर्वेखबाई म्हणत होत्या पाणी नको, ब्रुएरा म्हणत होते थोडं हवं. जपानमधल्या २२६ रुग्णांच्या एका पाहणीनं २००५ मध्ये दोघांनाही थोडं थोडं बरोबर ठरवलं: रोज लिटरभर किंवा जास्त मिळालेल्यांत कोरडेपणाची लक्षणं कमी, पण पायाला सूज, पोटात आणि छातीत पाणी जास्त. पाहणी म्हणजे चाचणी नव्हे, कारण कोणाला किती द्यायचं हे डॉक्टरांनी आपल्या समजुतीनं ठरवलं होतं.

ब्रुएरा त्याआधीच, १९९९ मध्ये, अमेरिकेत ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन या कॅन्सर रुग्णालयात गेले होते. २००५ मध्ये त्यांनी ५१ जणांची छोटी चाचणी प्रसिद्ध केली. चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडले, एकाला रोज १००० मिली सलाईन, दुसऱ्याला १००. दोन दिवसांत पहिल्या गटात ७३ पैकी ५३ लक्षणं सुधारली, दुसऱ्यात ६७ पैकी ३३. ब्रुएरांचा कयास खरा ठरतोय असं दिसत होतं. इथं थांबले असते तर ‘शास्त्रानं सिद्ध केलं’ म्हणून आज आपल्या गल्लीतला डॉक्टरही ते आकडे सांगत असता. ते थांबले नाहीत, आणि मला या संपूर्ण इतिहासात त्यांचं सगळ्यात जास्त कौतुक याचं वाटतं. स्वतःच्या बाजूनं आलेला निकाल त्यांनी स्वतःच पुन्हा, मोठ्या प्रमाणावर, तपासायला घेतला.

आणि तपासला तो लोकांच्या घरी. ह्यूस्टन परिसरातल्या सहा हॉस्पिस-सेवांचे १२९ रुग्ण, सगळे कॅन्सरच्या शेवटच्या अवस्थेतले आणि शरीरातलं पाणी कमी झालेले. चिठ्ठीनं ६३ जणांना रोज लिटरभर सलाईन, ६६ जणांना १०० मिली. दोघांनाही सुई तीच, नळी तीच, वेळ तोच, चार तास. कोणाला काय चाललंय हे पेशंटला, घरच्यांना, लक्षणं मोजणाऱ्याला माहीत नाही. दुसऱ्या गटाला काहीच का दिलं नाही? कारण मग बाटली दिसली की गट कळला असता. १०० मिली शरीराला पुरत नाही, पण सुई टोचण्याचा आणि बाटली टांगण्याचा परिणाम दोन्हीकडे सारखा राहतो. ज्याला मोजायचं आहे ते फक्त पाणी, आणि त्याच्याभोवतीचं सगळं समान करायचं, एवढीच त्यातली युक्ती.

घरात चाचणी घेणं दवाखान्यापेक्षा किती कठीण, याचा अंदाज मरणासन्न माणसाची सेवा केलेल्या कोणालाही येईल. आज बोलणारा माणूस परवा बोलेलच असं नाही. चौथ्या दिवशी ‘थकवा शून्य ते दहात किती?’ हे विचारायला जावं, तर तो झोपेतून उठत नाही. नातेवाईक येतात-जातात, कुत्रं भुंकतं, कोणीतरी मधेच म्हणतं ‘आता पुरे’. अशा घरातून आलेला आकडा दवाखान्यातल्या आकड्यापेक्षा कच्चा असतो. तरी जिथं बाटली खरोखर लावली जाते, तिथलाच असतो.

निकाल असा: थकवा, झटके, गुंगी आणि भास या चार लक्षणांची बेरीज ४० पैकी मोजली होती. चौथ्या दिवशी लिटरवाल्यांत ती ३.३ नं कमी झाली, १०० मिलीवाल्यांत २.८ नं. फरक नाही म्हणावा इतका. जगण्याची गुणवत्ता सारखी. आयुष्य? पहिल्या गटात निम्मे लोक २१ दिवसांपर्यंत जगले, दुसऱ्यात १५. आपल्याला लगेच सहा दिवस दिसतात. पण एवढ्या कमी लोकांत आणि एवढ्या विखुरलेल्या दिवसांत हा फरक निव्वळ योगायोगानंही सहज पडतो आणि गणितानं तसंच सांगितलं. रोजच्या लिटरभर पाण्यानं आयुष्य वाढतं असं दिसलं नाही.

चाचणीचे बातमीदार इथं ‘सलाईन निरुपयोगी’ असं लिहून मोकळे होतात. मला त्या दोन आकड्यांतली दुसरी गोष्ट जास्त बोलकी वाटते. दोन्ही गटांना बरं वाटलं! १०० मिलीवाल्यांनाही. ह्यूस्टनच्याच या रुग्णांशी आणि घरच्यांशी, ८५ पेशंट आणि ८४ काळजीवाहकांशी, पहिल्या आणि चौथ्या दिवशी सविस्तर बोलणं झालं होतं. लोक सांगत होते की या पाण्यानं आशा वाटते, शरीराला काहीतरी मिळतंय असं वाटतं, जवळच्या माणसाला आपण असंच सोडून दिलेलं नाही हे कळतं. सुतळीनं बांधलेल्या बाटलीखाली बसलेल्या आपल्या घरांतही हेच ऐकू येतं. पाण्याव्यतिरिक्त दोन्ही गटांना सारखं काय मिळालं? रोज कोणीतरी जाणतं माणूस दारात आलं, अंगाला हात लावला, कसं वाटतंय विचारलं, लिहून घेतलं. त्यामुळेच बरं वाटलं असं ही चाचणी सिद्ध करत नाही. पण मी पैज लावायची झाली तर त्यावर लावेन.

असाच अनुभव ऑक्सिजनचा आहे. धाप लागली की सिलेंडर आणायचा, ही आपल्याकडची दुसरी धावपळ. ज्यांच्या रक्तात ऑक्सिजन फारसा कमी नाही अशा, बरं न होणारा आजार असलेल्या २३९ जणांना ऑस्ट्रेलिया, अमेरिका आणि ब्रिटनमध्ये घरी यंत्र लावून सात दिवस एकतर ऑक्सिजन दिला किंवा साधी हवा. २०१० मध्ये निकाल आला: फरक नाही. धाप दोघांचीही थोडी कमी झाली. नाकासमोर वाहणारी हवा पुरेशी ठरली असावी. पुढे अमेरिकेत ३८१ शेवटच्या आजारातल्या रुग्णांवर उलट चाचणी झाली: कोलेस्ट्रॉलची गोळी बंद करून पाहिली. २०१५ मध्ये कळलं, बंद केल्यानं धोका दिसत नाही आणि लोकांना थोडं बरंच वाटतं. काय द्यावं इतकंच काय काढून घ्यावं हेही तपासायचं असतं, हे वैद्यकाला जरा उशिरा सुचलं.

मराठी मुलुखात शेवटच्या आजाराची सोय उशिरा आली, पण भारतात पहिली आली. मुंबईत वांद्र्याला डॉ. एल. जे. डिसूझा यांनी १९८६ मध्ये शांती अवेदना सदन काढलं. देशातलं ते पहिलं हॉस्पिस. गोव्यातही त्याची शाखा आहे. पुण्यात वारज्याला सिप्ला या औषध कंपनीचं असंच केंद्र १९९७ पासून चालतं. या ठिकाणांहून घरी परतलेली कुटुंबं पाहिली तर बाटलीचा आग्रह कमी असतो, कारण त्यांना सांगणारं कोणीतरी भेटलेलं असतं. बाकी जिल्ह्यांत उलटा खेळ झाला. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानं परवान्यांची अशी जाळी विणली की देशातला मॉर्फिनचा वापर ९७ टक्क्यांनी घसरून १९९७ मध्ये १८ किलोवर आला. २०१४ मध्ये कायदा बदलला, तरी तालुक्याच्या ठिकाणी मॉर्फिनची गोळी मिळायला मारामार, आणि सलाईनची बाटली कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये रात्री दहालाही हजर. ज्या औषधानं बहुतेक वेदना आटोक्यात येतात ते कुलपात आणि ज्यानं बहुधा फारसा फरक पडत नाही ते हाताशी. अशा स्थितीत घरचे सलाईन मागणार नाहीत तर काय मागतील? त्यांना दोष देता येत नाही, आणि रात्री अकराला बोलावलेल्या डॉक्टरलाही पूर्ण देता येत नाही. बाटली लावायला दहा मिनिटं लागतात, समजावून सांगायला तास.

एक मात्र स्पष्ट सांगायला हवं. काही पेशंटना पाणी खरंच लागतं. रक्तातलं कॅल्शियम वाढून आलेली ग्लानी, आतडं अडकून होणाऱ्या सततच्या उलट्या, मॉर्फिनच्या जास्त डोसानं आलेला भ्रम, अशा ठिकाणी सलाईननं माणूस शुद्धीवर येऊन चार गोष्टी बोलू शकतो. ह्यूस्टनची चाचणी सरसकट, नेमानं लावलेल्या बाटलीविरुद्ध आहे, नेमकं कारण पाहून लावलेल्या बाटलीविरुद्ध नाही.

तेव्हा तुमच्या घरात ही वेळ आलीच, तर डॉक्टरांना ‘एक सलाईन तरी लावा’ म्हणण्याआधी तीन गोष्टी विचारा: ही बाटली कुठल्या त्रासासाठी लावायची, दोन दिवसांत तो त्रास कमी झाला की नाही हे आपण कशावरून ठरवायचं, आणि झाला नाही किंवा पाय सुजले, छातीत घरघर वाढली तर तुम्ही ती काढाल ना? मग मॉर्फिन जवळ कुठे मिळतं तेही विचारून ठेवा. आणि जो मुलगा किंवा जावई परगावाहून आला आहे, त्याच्या हातात बाटलीऐवजी पिळलेला कापूस द्या आणि तोंड कसं पुसायचं ते दाखवा.